कोपनहेगनच्या बिस्ट्रोत खिसा सांभाळून मनसोक्त जेवायचं असेल तर

कोपनहेगनचं नाव काढलं की लोक आधी नोमा या जगप्रसिद्ध रेस्टॉरंटबद्दल बोलतात आणि लगेच किमतींबद्दल. शिकायला किंवा नोकरीसाठी नव्यानं आलेले आपले लोक रेस्टॉरंटच्या काचेवरचा मेन्यू वाचतात, मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करतात आणि शवार्मा घेऊन घरी जातात. मला याचं खरंच वाईट वाटतं. या शहराचं रोजचं उत्तम जेवण मिशेलिन या रेस्टॉरंट-गाइडचे तारे मिळालेल्या रेस्टॉरंटांत नसतं, ते गल्लीतल्या छोट्या बिस्ट्रोंत आणि वाइन बारमध्ये असतं. तीस-चाळीस खुर्च्या, टेबलावर मेणबत्ती, तीन पदार्थांचा ठरलेला मेन्यू आणि फळ्यावर खडूनं लिहिलेल्या वाइन. नीट ठरवून गेलात तर पगारदार माणसाला महिन्यातून एकदा हे सहज जमतं. विद्यार्थ्यालाही वाढदिवसापुरतं जमायला हरकत नाही.

आधी हिशेब समजून घ्या

डेन्मार्कमध्ये माणसाचं श्रम महाग आहे. कायद्यानं ठरवलेलं किमान वेतन इथं नाही. कामगार संघटना आणि मालक यांच्या करारांतून दर ठरतात, आणि ते चांगले असतात. त्यात 25 टक्के मूल्यवर्धित कर, ज्याला इथे मॉम्स म्हणतात. खाण्याच्या पदार्थांना त्यातून सवलत नाही. मग बिस्ट्रो परवडणारा ठेवायचा कसा? मालक निवड कमी करतो. वीस पदार्थांऐवजी सहा-सात ठेवतो, किंवा सगळ्या टेबलाला एकच मेन्यू देतो. स्वयंपाकघरात माणसं कमी, वाढायला दोघंच, आणि एका टेबलावर संध्याकाळी दोन पंगती. पुढे तुम्हाला जे जे नियम जाचक वाटतील, वेळेवर या, दोन तासांत उठा, सगळ्यांनी एकच मेन्यू घ्या, ते सगळे या हिशेबातून आलेले आहेत. ते पाळलेत तर ताऱ्यांच्या स्वयंपाकघरांत शिकलेल्या हातांचं जेवण साध्या किमतीत मिळतं.

ही पद्धत इथे रुजली ती गेल्या वीसेक वर्षांत. नोमा 2003 मध्ये सुरू झालं, 2004 मध्ये बारा शेफनी नव्या नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या स्थानिक आणि हंगामी मालावर उभ्या असलेल्या, स्वयंपाकाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि पुढे त्या स्वयंपाकघरांतून बाहेर पडलेल्या लोकांनी स्वतःच्या लहान जागा काढल्या. सिसिलीत जन्मलेले ख्रिस्तियान पुलीसी हे नोमात काम केलेले शेफ. 2010 मध्ये त्यांनी नोरेब्रो भागातल्या येगर्सबोर्गगेडे या रस्त्यावर रेले हे रेस्टॉरंट उघडलं, आणि समोरच मानफ्रेड्स नावाचा साधा वाइन बार. तिथे भाज्यांची लहान लहान ताटं टेबलाच्या मध्ये ठेवत, सगळ्यांनी वाटून खायची, आणि सोबत नैसर्गिक वाइन. दोन्ही जागा 2020 च्या अखेरीस बंद झाल्या, पण आज कोपनहेगनमध्ये कुठल्याही चांगल्या वाइन बारमध्ये बसलात तर त्या पद्धतीच्या खुणा दिसतात.

कुठं जायचं

भाग लक्षात ठेवा, कारण रेस्टॉरंट येतात आणि जातात. नोरेब्रो, वेस्टरब्रोमधला जुना मांसबाजार म्हणजे कोडब्यून, आणि वेस्टरब्रो-फ्रेडरिक्सबर्गच्या सीमेवरची वेर्नेडम्सवाय ही छोटी गल्ली. या तिन्ही ठिकाणी एका संध्याकाळच्या फेरफटक्यात चार-पाच जागा नजरेत भरतात. मादक्लुबेन आणि कोफोको या दोन स्थानिक साखळ्या परवडणाऱ्या ठरलेल्या मेन्यूसाठी ओळखल्या जातात. पहिल्यांदाच जाणाऱ्यानं तिथून सुरुवात करावी असं माझं मत आहे: पदार्थ समजायला सोपे, इंग्रजी मेन्यू हमखास.

मिशेलिन गाइडमध्ये ताऱ्यांशिवाय बीब गूर्माँ नावाची आणखी एक खूण असते. वाजवी किमतीत चांगलं जेवण, एवढाच तिचा अर्थ. नवख्या माणसाला ताऱ्यांपेक्षा हीच यादी उपयोगाची. स्नारेगेडेवरच्या मार्व ऑग बेन या रेस्टॉरंटला ती अनेक वर्षं मिळत आली, ओर्हूस शहरातल्या पोंडुसलाही मिळालेली आहे. दर वर्षी यादी बदलते, म्हणून चालू वर्षाची बघा.

दारावर दोन गोष्टी बघायची सवय लावून घ्या. एक, सरकारी अन्न तपासणीचा अहवाल. तो ग्राहकाला दिसेल असा लावणं बंधनकारक आहे, आणि त्यावर हसरा किंवा उदास चेहरा असतो. ही पद्धत 2001 पासून आहे आणि लोक ती खरोखर वाचतात. दुसरी, सेंद्रिय मालाचं गोल चिन्ह: कांस्य म्हणजे 30 ते 60 टक्के माल सेंद्रिय, रौप्य म्हणजे 60 ते 90, सुवर्ण म्हणजे 90 च्या वर. परवडणाऱ्या बिस्ट्रोच्या दारावर रौप्य किंवा सुवर्ण चिन्ह दिसलं, तर ती जागा मालावर पैसे खर्च करते हे नक्की.

एक फरक मात्र कळला पाहिजे. बोदेगा किंवा विनस्टूए असं लिहिलेल्या जुन्या जागा म्हणजे वाइन बार नव्हेत. काँगेन्स न्यूटोर्व चौकातलं व्हीड्स विनस्टूए 1723 पासून चालू आहे, हिवाळ्यात तिथली ग्लॉग म्हणजे गरम मसालेदार वाइन प्यायला जरूर जा, पण रात्रीच्या जेवणासाठी नाही. बोदेगा तर बिअरचे अड्डे, आणि 40 चौरस मीटरपेक्षा लहान असतील तर आत सिगारेट ओढायलाही परवानगी असते. लहान मुलं सोबत असतील तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

टेबल बुक करताना

शुक्रवार-शनिवारसाठी आठवडाभर आधी, इतर दिवशी दोन-तीन दिवस आधी. फोन करायची गरज नसते. सगळं ऑनलाइन होतं. वेळा बहुधा साडेपाच-सहाच्या आणि आठ-साडेआठच्या. डॅनिश लोक लवकर जेवतात. आपल्याला नऊची सवय, पण इथे साडेनऊ-दहाला स्वयंपाकघर बंद होतं, त्यामुळे "जरा उशिरा जाऊ" हा बेत इथे चालत नाही. पहिली पंगत घेतलीत तर टेबल कधी सोडायचं ते बुकिंगमध्येच लिहिलेलं असतं. निवांत बसायचं असेल तर दुसरीच पंगत घ्या.

बरेच जण कार्डाचा नंबर मागतात. पैसे लगेच कापत नाहीत, पण न कळवता गैरहजर राहिलात तर माणशी दंड लागतो, आणि सहा जणांपैकी दोघं आले नाहीत तरी त्या दोघांचा लागू शकतो. आपल्याकडे "बघू, जमलं तर येतो" म्हणणारे मित्र असतात. त्यांना बुकिंगमध्ये धरू नका.

काही दिवस टाळायचे. रविवार-सोमवार अनेक जागा बंद. जुलैच्या मध्यावर लहान बिस्ट्रो दोन-तीन आठवडे सुट्टीवर जातात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून ख्रिसमसपर्यंत ऑफिसांच्या ख्रिसमस-मेजवान्या सुरू असतात. तेव्हा टेबलही मिळत नाही आणि आवाजही फार असतो. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र शहर शांत, आणि कित्येक जागा या काळात सवलतीचे मेन्यू ठेवतात.

बुकिंग नसेल तर? एकट्यानं किंवा दोघांनी सहाच्या आत वाइन बारच्या दारात उभं राहा आणि काउंटरवरच्या उंच स्टुलांबद्दल विचारा. त्या जागा पुष्कळ ठिकाणी आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या असतात. मला स्वतःला टेबलापेक्षा काउंटरच आवडतं, कारण वाइन ओतणारी व्यक्ती समोर असते आणि विचारायला संकोच वाटत नाही.

शाकाहारी असाल, किंवा गोमांस-डुक्कर खात नसाल तर

हे सांगायची वेळ टेबलावर बसल्यावरची नाही. बुकिंगच्या फॉर्ममध्ये सूचनांसाठी रकाना असतो, तिथेच लिहा. ठरलेल्या मेन्यूचं स्वयंपाकघर सकाळी माल मोजून आणतं. आदल्या दिवशी कळलं तर शाकाहारी मेन्यू आनंदानं करतात, आणि तो चांगला होतो, कारण भाजी हा इथल्या नव्या स्वयंपाकाचा कणा आहे.

पण त्यांच्या शाकाहारात अंडं बसतं. रेनेट (वासराच्या जठरातून काढलेला, दूध गोठवणारा पदार्थ) घातलेलं चीज बसतं. कधी कधी सॉसमध्ये माशाचा किंवा कोंबडीचा अर्क असतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून "शाकाहारी" एवढंच न लिहिता "मांस, मासे, त्यांचा अर्क आणि जिलेटिन नको" असं सरळ लिहा. अंडं नको असेल तर तेही वेगळं लिहा. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्यांना मात्र ठरलेल्या मेन्यूत अडचण येते, त्यांनी पदार्थ वेगवेगळे मागवता येतील अशीच जागा निवडावी आणि आधी ईमेल करावा. गोमांस आणि डुक्कर चालत नाही पण मासे-कोंबडी चालते, असं असेल तर मुख्य पदार्थ बदलून मिळायला सहसा त्रास होत नाही.

मेन्यू डॅनिशमध्येच असेल तर थोडे शब्द ओळखीचे करून ठेवा. ओक्से म्हणजे गाय-बैलाचं मांस, काल्व वासराचं, लाम कोकराचं. स्वीन, ग्रीस आणि फ्लेस्क ही तिन्ही डुकराची. क्युलिंग कोंबडी, टोर्स्क कॉड मासा, रोडस्पेटे चपटा प्लेस मासा, सिल हेरिंग, रायर कोळंबी. आणि इंग्रजीतल्या "अँड"सारखी अक्षरं दिसली तर ते बदक असतं. टाटार हा पदार्थ जवळजवळ प्रत्येक बिस्ट्रोत भेटतो: बारीक चिरलेलं कच्चं गोमांस, अनेकदा कच्च्या अंड्याच्या बलकासह. खाणाऱ्यांनी जरूर खावा, इथे तो फार निगुतीनं करतात, पण कच्चा असतो हे माहीत असू द्या.

दारातून आत

वेळेवर म्हणजे दिलेल्या मिनिटाला. पंधरा मिनिटं उशीर होणार असेल तर कळवा, नाहीतर टेबल जातं. दारात थांबा, नाव सांगा, कोट खुंटीवर टांगा. कपड्यांचं बंधन नाही. स्वच्छ जीन्स आणि स्वेटरवर लोक येतात. पेल्याला पेला लावून "स्कोल" म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, घोट घेतल्यावर पुन्हा एकदा बघायचं. एवढा एकच शिष्टाचार इथले लोक मनावर घेतात.

बसल्याबरोबर पाण्याबद्दल विचारतील: साधं की बुडबुड्यांचं. इथे थांबून विचार करा. नळाचं पाणीसुद्धा बहुतेक ठिकाणी फुकट नसतं. गाळलेलं पाणी हवं तितकं, माणशी 25 ते 40 क्रोनर (डेन्मार्कचं चलन), असा दर असतो. नळाचं पाणी वाईट म्हणून नव्हे. डेन्मार्कचं पिण्याचं पाणी भूजल आहे, त्यात क्लोरीनही घालत नाहीत, घरी तेच प्यावं इतकं चांगलं आहे. पैसे असतात ते ग्लास धुण्याचे आणि आणून देण्याचे. दर आधी विचारला तर कुणालाही वावगं वाटत नाही.

मेन्यू

तीन पदार्थांचा मेन्यू साधारण 300 ते 450 क्रोनरमध्ये मिळतो. एक क्रोन म्हणजे सुमारे 13-14 रुपये, आणि क्रोन युरोला बांधलेला असल्यामुळे एका युरोला जवळपास 7.46 क्रोनर हा दर फारसा हलत नाही. ठरलेला मेन्यू आणि सुटे पदार्थ असे दोन्ही असतील तर पहिल्या वेळी ठरलेलाच घ्या. तोच माल त्या आठवड्यात सर्वांत ताजा असतो आणि सुटे घेतल्यावर बेरीज हमखास वर जाते. "त्याआधी काही स्नॅक्स आणू का?" असं विचारतील. ते मेन्यूच्या किमतीत नसतात. ऑलिव्ह नि बदाम यांवर पैसे घालवण्यापेक्षा शेवटी चीज घ्यावं असं मी म्हणेन.

पाव मात्र सोडू नका. आंबवलेल्या पिठाचा जाड सालीचा पाव आणि फेटलेलं लोणी, यावरून मला स्वयंपाकघराची पारख होते. कुठे तो मेन्यूत धरलेला असतो, कुठे वेगळे पैसे. पहिल्या पदार्थाचा सॉस पुसून खायला तो राखून ठेवा. इथे ते अशिष्ट मानत नाहीत.

कोणत्या महिन्यात जाता यावर ताट ठरतं. जानेवारी ते मार्च स्टेनबीडर माशाची केशरी-गुलाबी अंडी, बहुधा आंबट मलई आणि कांद्यासोबत. एप्रिलमध्ये जंगली लसणाची पानं. मे ते जून पांढरा ॲस्परॅगस, आणि त्याचा हंगाम 23 जूनच्या सांक्ट हान्स सणाच्या सुमारास संपतो. जूनमध्येच नवे बटाटे येतात आणि डॅनिश माणसं त्यांच्याबद्दल आपण हापूसबद्दल बोलतो तसं बोलतात, साम्सो बेटाचे असतील तर विशेषच. मग स्ट्रॉबेरी. शरदात मशरूम आणि भोपळा, 10 नोव्हेंबरच्या मोर्टेन्सआफ्टन सणाला बदक, आणि थंडीत जेरुसलेम आर्टिचोक, कोबी, सेलरीचा कंद. सेलरीचा कंद लोण्यात तासन्‌तास भाजून तपकिरी लोण्याच्या सॉससोबत देतात, तेव्हा शाकाहारी माणसाचं ताट इतरांपेक्षा सरस ठरतं. मेन्यूत तो दिसला तर घ्या.

वाइन बारमध्ये ठरलेला मेन्यू नसेल तर ताटं लहान असतात. दोघांत चार ताटं आणि पाव. आधी तीन मागवा, भूक बघून चौथं.

वाइन

खर्च हाताबाहेर जातो तो इथे, आणि संध्याकाळ रंगते तीही इथेच. ग्लास साधारण 80 ते 130 क्रोनर, बाटली 350-400 पासून पुढे. बाटलीतून पाच-सहा ग्लास निघतात, म्हणून चौघांत एक बाटली घेणं ग्लासांपेक्षा स्वस्त पडतं. दोघंच असाल आणि एकेकच ग्लास घेणार असाल तर ग्लासच बरा.

कोपनहेगनच्या वाइन बारमध्ये नैसर्गिक वाइन फार. द्राक्षं सेंद्रिय, वरून यीस्ट घालत नाहीत, गंधकाचा वापर नगण्य किंवा अजिबात नाही, आणि गाळलेली नसल्यामुळे थोडी गढूळ. नाशिकच्या स्वच्छ, फळांच्या वासाच्या शेनँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनची सवय असेल तर पहिला घोट चमकवतो: आंबटसर, कधी सफरचंदाच्या सालीचा वास, कधी गोठ्याचा. दुसऱ्या ग्लासपर्यंत आवडायला लागते, किंवा नाही आवडत, आणि दोन्ही ठीक आहे. नारिंगी वाइन म्हणजे पांढऱ्या द्राक्षांचा रस सालींसकट आंबवलेला. चहासारखा तुरटपणा त्यात असतो आणि भाज्यांच्या ताटांसोबत ती छान जाते.

नावं माहीत नसली तरी अडत नाही. ख्रिस्तियान्सबोर्ग राजवाड्यासमोर, कालव्याच्या काठावर वेड स्ट्रांडेन 10 नावाचा वाइन बार आहे. तिथे छापील यादी न देता तुमच्याशी बोलून वाइन आणून देण्याची रीत आहे. तीच रीत सगळीकडे वापरा. तीन गोष्टी सांगा: हलकी हवी की भारदस्त, नेहमीच्या चवीची हवी की वेगळी, आणि किती क्रोनरपर्यंत. किंमत मोठ्यानं बोलायला अवघड वाटत असेल तर यादीतल्या एखाद्या आकड्यावर बोट ठेवून "याच्या आसपास" म्हणा. वाढणाऱ्याला लगेच कळतं, आणि चांगला वाढणारा त्याहून स्वस्तही सुचवतो. ग्लासनं घेताना आधी घोटभर चाखायला मागता येते. बाटली घेतलीत तर उघडून थोडी ओततील; ते आवडली की नाही हे विचारण्यासाठी नसतं, बिघडली आहे का हे बघण्यासाठी असतं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर सांगा, बाटली बदलून देतात.

डेन्मार्कला 2000 साली युरोपीय संघानं वाइन पिकवणारा देश म्हणून मान्यता दिली. सोलारिस या थंडी सोसणाऱ्या पांढऱ्या द्राक्षाची लागवड इथे सर्वांत जास्त दिसते, आणि कोल्डिंगजवळच्या डॉन्स या भागाच्या बुडबुड्यांच्या वाइनला 2018 मध्ये संरक्षित भौगोलिक नाव मिळालं. ग्लासनं मिळाली तर एकदा चाखून बघा, महाग असते.

दारू घेत नसाल तर मुळीच संकोच करू नका. सफरचंदाचा दाबून काढलेला रस, एल्डरफ्लॉवर या फुलांचं सरबत, कोंबुचा म्हणजे आंबवलेला चहा आणि भाज्या-फळांच्या रसांची पदार्थागणिक जोडी, हे इथे वाइनइतक्याच गांभीर्यानं करतात. मात्र ही जोडी स्वस्त नसते. एकच ग्लास मागवून पुरवून प्यायला कुणी आडकाठी करत नाही.

बिल

दोघांचा एक नमुना मांडून दाखवते. मेन्यू 325 च्या दरानं 650, पाणी 60, वाइनचे चार ग्लास 380, कॉफी दोन 80. एकूण 1170 क्रोनर, म्हणजे साधारण 16,000 रुपये. यात खाण्याचे 650, बाकी 520 सगळे द्रवाचे. माणशी एकच ग्लास घेतला आणि कॉफी घरी केली तर हेच बिल 900 वर येतं, आणि जेवण तेच राहतं. पैसे वाचवायचे तर कुठे वाचवायचे, हे यावरून ठरवा. मुख्य पदार्थ वगळून वाचवू नका.

छापलेल्या किमतीत कर आणि सेवा दोन्ही धरलेली असतात. टिप देण्याचं बंधन नाही. कार्डाच्या यंत्रावर टिपचा पडदा आला तर शून्य दाबून पुढे जा, कुणी तोंड वाकडं करत नाही. सेवा फारच मनापासून झाली असं वाटलं तर बिलाचा आकडा वर गोल करतात, तेवढं पुरे.

भारतीय कार्ड वापरत असाल तर यंत्र विचारतं, रुपयांत घ्यायचे की क्रोनरमध्ये. क्रोनर निवडा, रुपयांतला दर नेहमी महाग पडतो. युरोपाबाहेरच्या कार्डांवर काही जागा थोडं शुल्क लावतात, तेही विचारून घ्या. मोबाइलपे या पैसे देण्याच्या ॲपसाठी इथलं बँक खातं लागतं, त्यामुळे पाहुण्यांना ते उपयोगाचं नाही. बिल वाटून द्यायचं असेल तर इथे ते अगदी नेहमीचं आहे, पण मागवतानाच सांगितलंत तर वाढणाऱ्याचं काम सोपं होतं.

उठताना "टाक फॉर माड" म्हणा, जेवणाबद्दल आभार म्हणून. उत्तरात "वेलबेकोमे" ऐकू येईल. परतीसाठी मेट्रो रात्रभर चालू असते. सायकलनं आला असाल आणि दोन ग्लासांपुढे गेला असाल तर सायकल तिथेच कुलूप लावून ठेवा आणि सकाळी घेऊन जा. तोल राखता येत नसताना सायकल चालवणं इथे गुन्हा आहे.